हिरवळीवरील यंत्राचे रोगनिदान

यंत्र बंद पडले म्हणजे त्याच्याभोवती जमणाऱ्या मंडळींत पाना हाती घेणारे पुष्कळ असतात. दोन मिनिटे यंत्राकडे नुसते पाहणारा एखादाच असतो. जुने वैद्य रोग्याची परीक्षा दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या तीन मार्गांनी करीत. औषधाची पुडी त्यानंतर सुटे. यंत्राच्या दुरुस्तीत हाच क्रम उलटा होतो. आधी एखादा भाग बदलला जातो, मग दुसरा, आणि पैसे संपत आल्यावर मूळ दोष कोठे होता याचा विचार सुरू होतो. वर बसून चालविण्याच्या गवतकापणी यंत्राची हकीकत बहुतेक ठिकाणी अशीच असते.

हे यंत्र मूळचे पश्चिमेकडील होय. हिरवळ कापणारे पहिले यंत्र इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यातील एडविन बडिंग या कारागिराने तयार केले व १८३० साली त्याचे पेटंट घेतले. लोकरी कापडावरील लव कातरून ते सारखे करणारे यंत्र त्याने गिरणीत पाहिले होते. जे कापडावर साधते ते गवतावर का साधू नये, हा त्याचा विचार. पुढे मोठ्या हिरवळींवर ही यंत्रे घोड्यांकडून ओढवीत, आणि खुरांचे ठसे उमटू नयेत म्हणून घोड्यांच्या पायांत कातडी बूट चढवीत. १९०२ साली इप्सविचच्या रॅन्सम्स कारखान्याने पेट्रोलवर चालणारे यंत्र विक्रीस आणले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरोघर मोठी अंगणे झाली, आणि छोट्या ट्रॅक्टरासारखे, पोटाखाली फिरती पाती असलेले बैठे यंत्र तेथे घरगुती वस्तू बनले. आपल्याकडे ते क्रीडांगणे, गोल्फची मैदाने, शिक्षणसंस्थांची पटांगणे आणि मोठ्या बागा येथेच दिसते. त्यामुळे ते बिघडले तर शेजारच्याचे मागून आणता येत नाही, आणि त्याचा जाणकार कारागीरही गल्लीच्या कोपऱ्यावर भेटत नाही. उद्या सामना आहे आणि आज यंत्र रुसले आहे, अशा वेळी माळ्याला व व्यवस्थापकाला स्वतःच्या बुद्धीचाच आधार उरतो.

त्या बुद्धीला धरण्याजोगा एक धागा आहे. यंत्र कितीही गुंतागुंतीचे दिसले तरी त्याचे चारच विभाग पडतात: एंजिन सुरू करणारी विजेची व्यवस्था, स्वतः एंजिन, चाकांना गती देणारी व्यवस्था, आणि गवत कापणारी पाती. बिघाड या चारांपैकी कोणत्या विभागात आहे, एवढे ठरले की निम्मे काम झाले. ते ठरविण्यासाठी पाना लागत नाही, कान लागतात.

किल्ली फिरविल्यावर काय ऐकू येते, हा पहिला प्रश्न. काहीच ऐकू आले नाही तर वीज स्टार्टरपर्यंत पोहोचण्याची आज्ञाच निघत नाही. अशा वेळी प्रथम फ्यूज पाहावा आणि नंतर सुरक्षिततेचे स्विच पाहावे. चालक आसनावर बसलेला आहे, ब्रेकचा पायटा दाबलेला आहे आणि पात्यांचा खटका बंद आहे, या अटी जुळल्याखेरीज बहुतेक यंत्रे सुरूच होत नाहीत. पात्यांचा खटका चालू राहिला म्हणून बंद वाटलेले यंत्र गाडीवर घालून दुरुस्तीला नेल्याचे प्रकार घडतात. आसनाखालील स्विचची तार उंदरांनी कुरतडलेली असणे, हे तर पावसाळाभर कोठीत पडून राहिलेल्या यंत्राचे नेहमीचे दुखणे.

टक-टक-टक असा जलद आवाज आला तर बॅटरी दुबळी झाली आहे असे समजावे. भरलेली बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ म्हणजे ती अर्धी रिकामी झाली, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ संपली. परंतु स्वस्थ असतानाचा आकडा पुष्कळदा फसवितो. स्टार्टर फिरू लागताच तो ९.६ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरीत जीव नाही. मात्र बॅटरीला दोष देण्यापूर्वी तिची टोके पाहावीत. तेथे पांढरी-हिरवट बुरशी साचली असेल तर नवी बॅटरी आणूनही उपयोग नाही. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ती धुवावी, ब्रशने धातू उजळावा आणि जोड घट्ट करावा. सोडताना ऋण टोक आधी व जोडताना ते शेवटी, हा नियम पाळला म्हणजे पाना सांगाड्याला लागून ठिणगी उडण्याचा धोका राहत नाही. शिशाच्या बॅटरीतून भरतेवेळी हायड्रोजन निघतो, म्हणून तिच्याजवळ विडी-काडी नको, हेही ओघानेच आले. बॅटरी उत्तम, जोड स्वच्छ, आणि तरीही एकच ठळक ‘टक’ होऊन सारे शांत होत असेल, तर सोलेनॉइडचे आतील संपर्क जळले आहेत किंवा स्टार्टर अडकला आहे, असे अनुमान निघते.

येथे एक फसवा रोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. स्टार्टर जोमाने सुरुवात करतो, एंजिन अर्धा फेरा फिरते, आणि भिंतीवर आदळल्यासारखे थांबते. पाहणारा म्हणतो बॅटरी गेली. नवी बसविली तरी तेच. मग स्टार्टर बदलला जातो, तरीही तेच. वास्तविक दोष झडपांत असतो. सुरुवातीच्या फेऱ्यात दट्ट्याला दाबलेल्या हवेचा अडथळा फार होऊ नये म्हणून एक झडप किंचित उघडी ठेवण्याची युक्ती या एंजिनांत योजलेली असते. झडप आणि तिला उचलणारी दांडी यांमध्ये कागदाएवढी, बहुतेक एंजिनांत मिलिमीटरच्या दशांशाच्या आसपास, फट ठेवावयाची असते. झिजेने ही फट वाढली की ती किंचित उघड होतच नाही, आणि स्टार्टरला सगळ्या दाबाशी एकट्याने झुंजावे लागते. वरचे झाकण काढून, जाडी मोजण्याच्या पत्रीने ती फट पुस्तिकेत दिल्याप्रमाणे केली की एक पैशाचाही भाग न बदलता यंत्र सुरू होते.

एंजिन नीट फिरते पण पेट घेत नाही, ही दुसरी अवस्था. पेटण्यास तीनच गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा आणि ठिणगी. स्पार्क प्लग काढून पाहावा. तो कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही. ओला असेल तर पेट्रोल येते पण ठिणगी नाही, किंवा चोक अधिक काळ लावल्याने एंजिन बुडाले आहे. काजळी धरली असेल तर हवा कमी पडते आहे. एवढासा तो प्लग, पण रोग्याच्या जिभेप्रमाणे तो आतले सारे सांगतो. ठिणगीची परीक्षा मात्र पेट्रोलच्या वाफेपासून दूर, ठिणगी पाहण्याच्या साधनानेच करावी. तार हाती धरून चमक पाहण्याचा गॅरेजमधला प्रकार आग लावणारा आहे.

पेट्रोल न येण्याचे कारण निम्म्याहून अधिक वेळा एकच असते, आणि ते म्हणजे शिळे पेट्रोल. टाकीत महिनोन्महिने राहिलेल्या पेट्रोलचा हलका अंश उडून जातो व उरलेल्याचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या सुईएवढ्या छिद्रात बसतो. त्यात अलीकडे इथेनॉलची भर पडली आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल भारतात ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळुरू येथून विक्रीस आले आणि २०२५ पर्यंत देशभर ते नित्याचे झाले. गवतकापणी यंत्रांची लहान एंजिने बनविणाऱ्या अनेक कारखान्यांच्या पुस्तिका मात्र १० टक्क्यांपर्यंतचेच मिश्रण चालेल असे सांगतात. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. पाणी पुरेसे जमले म्हणजे ते इथेनॉलसह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते, आणि नळी नेमकी तळातूनच निघते. जुन्या रबरी नळ्या व गोंद लावलेले भागही त्याने खराब होतात. रोज धावणाऱ्या मोटारीत पेट्रोल शिळे होण्यास वेळच मिळत नाही. वर्षातील चार महिने झाकून ठेवलेल्या यंत्राला हा प्रश्न खरा बाधतो. उपाय खर्चाचा नाही. यंत्र ठेवून द्यावयाचे असेल तेव्हा टाकी रिकामी करावी, कार्ब्युरेटरमधील पेट्रोल संपून एंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ते चालू ठेवावे, आणि नव्या हंगामाला नवे पेट्रोल घालावे. छिद्र बुजलेच असेल तर कार्ब्युरेटर खोलून त्यासाठीच्या द्रवाने धुवावा व दाबाच्या हवेने फुंकावा. पोलादी तार खुपसू नये. छिद्र केसभर मोठे झाले तरी मिश्रणाचे प्रमाण कायमचे बिघडते.

अर्धवट बुजलेल्या छिद्राची खूण निराळी आहे. एंजिन चालते, पण त्याचा आवाज लाटेसारखा चढतो-उतरतो. कमी पेट्रोलमुळे वेग पडतो, नियंत्रक तो सावरण्यास झडप उघडतो, वेग वाढतो, नियंत्रक ती मिटतो, आणि पुन्हा तेच. अनाडी हात अशा वेळी नियंत्रकाची स्प्रिंग वाकवून वेग ‘बांधून’ टाकतात. ही चूक जिवावर बेतू शकते. या एंजिनांचा वरचा वेग साधारणतः मिनिटास ३,६०० फेऱ्यांच्या आत राखलेला असतो. पात्याच्या टोकाचा वेग मिनिटास १९,००० फुटांहून, म्हणजे सेकंदास सुमारे ९६ मीटरहून, अधिक होऊ नये असा अमेरिकेतील दंडक आहे. त्या वेगाने उडालेला खडा मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या मुलाच्या डोळ्यापर्यंत पोहोचण्यास पापणी लवण्याएवढाही अवधी लागत नाही. नियंत्रकाशी केलेला खेळ हा त्या मुलाशी केलेला खेळ होय.

अर्धा तास चांगले चालून यंत्र बंद पडते, आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते, ही तक्रार वरचेवर ऐकू येते. तिची दोन कारणे संभवतात. टाकीच्या झाकणाला हवा आत येण्याचे बारीक छिद्र असते. ते बुजले की पेट्रोल कमी होईल तशी टाकीत पोकळी निर्माण होते आणि पेट्रोल खाली उतरेनासे होते. दुसरे कारण म्हणजे ठिणगी निर्माण करणारी कॉइल तापल्यावर निकामी होते व निवल्यावर पुन्हा काम करते. या दोहोंतील निवाडा सोपा आहे. एंजिन बंद पडताच झाकण किंचित सैल करावे. हवा आत शिरल्याचा सुस्कारा ऐकू आला आणि यंत्र लगेच सुरू झाले, तर दोष झाकणाचा. तसे झाले नाही तर त्याच क्षणी ठिणगी तपासावी; निवल्यानंतर तपासून काही कळणार नाही.

धूर हाही बोलका असतो. काळा धूर म्हणजे हवा थोडी आणि पेट्रोल फार. हवेची गाळणी धुळीने भरली असेल किंवा चोक मिटलेलाच राहिला असेल. निळसर-पांढरा धूर म्हणजे तेल जळते आहे. यंत्र एका अंगावर कलते करून ठेवले होते किंवा तेल खुणेच्या वर भरले होते, एवढेच कारण असेल तर तेल खुणेवर आणल्यावर तो थोड्या वेळात ओसरतो. न ओसरल्यास आतली झीज किंवा फुटलेले गॅस्केट शोधावे लागते. पण तेलाची पट्टी काढून पाहिल्यावर तेल आपोआप वाढलेले दिसले आणि त्याला पेट्रोलचा वास आला, तर एंजिन मुळीच सुरू करू नये. कार्ब्युरेटरमधील सुई नीट मिटत नसल्याने पेट्रोल रात्रभर झिरपून तेलात उतरले आहे. असे पातळ तेल वंगणाचे काम करीत नाही, आणि एका दिवसात एंजिन कायमचे निकामी होते. सुई बदलावी, तेल बदलावे, आणि काम संपल्यावर पेट्रोलचा नळ बंद करण्याची सवय ठेवावी.

एंजिन तापण्याचे कारण बहुधा आत नसून बाहेर असते. ही एंजिने हवेने थंड होतात. पंख्याच्या आवरणाखाली, धातूच्या पाकळ्यांत, वाळलेले गवत दाबून बसते. कधी उंदीर तेथे घरटेही करतात. बाहेरून यंत्र झकझकीत दिसते आणि आत त्याचा श्वास कोंडलेला असतो. हंगामात एकदा तरी ते आवरण काढून पाकळ्या साफ करणे, ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती होय.

एंजिन ठीक चालते पण यंत्र जागचे हलत नाही, तेव्हा गिअरपेटीची धास्ती घेण्याचे कारण नाही. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांना ढकलून नेता यावे म्हणून मागे एक दांडी असते. ती ओढलेली राहिली असेल तर चाकांना गती मिळत नाही. ती जागेवर असेल तर पट्टा पाहावा. जळक्या रबराचा वास, किंचाळल्यासारखा आवाज, काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या कडा, या घसरत्या पट्ट्याच्या खुणा. पट्टा काढण्यापूर्वी तो कोणत्या कप्पीवरून कसा जातो याचे चित्र कागदावर काढून ठेवावे किंवा छायाचित्र घ्यावे. पुष्कळांची संध्याकाळ पट्टा बदलण्यात जात नाही, तो कसा होता हे आठवण्यात जाते.

राहिली पाती. यंत्राची खरी परीक्षा कापलेल्या हिरवळीवर दुसऱ्या दिवशी होते. गवताची टोके पांढुरकी, पिंजल्यासारखी दिसली तर पाते बोथट आहे. ते गवत कापीत नाही, ओरबाडते. एका बाजूस उंच व दुसऱ्या बाजूस खुजे गवत राहिले तर पात्यांचे आवरण तिरपे झाले आहे. पण ते सरळ करण्यापूर्वी चारी चाकांतील हवा मोजावी. एका चाकात हवा कमी असली की सगळे यंत्रच तिकडे झुकते, आणि मग आवरण ‘सरळ’ करणे म्हणजे चुकीवर चूक रचणे. आवरणाची पुढची कड मागच्या कडेपेक्षा किंचित, सुमारे ३ ते ६ मिलिमीटर, खाली असावी म्हणजे गवत एकदाच कापले जाते. ओल्या गवतात यंत्र चालविल्याने आवरणाखाली लगदा साचतो, पात्यांचा वारा कोंडतो आणि गवत झुबक्यांनी पडते. याला दुरुस्ती नाही. दव वाळेपर्यंत थांबणे एवढाच उपाय.

पात्याला धार लावताना कानशीचा कोन मूळचाच राखावा व दोन्ही टोकांस सारखेच घासावे. नंतर पाते मधल्या छिद्राने खिळ्यावर टांगावे; जे टोक खाली जाईल ते अधिक जड, त्यास आणखी घासावे. यंत्र थरथरू लागले असेल तर पाते वाकले आहे काय ते पाहावे. एका टोकाची जमिनीपासूनची उंची मोजावी, मग पाते अर्धा फेरा फिरवून दुसरे टोक त्याच जागी आणून मोजावे. फरक ३ मिलिमीटरहून अधिक निघाला तर पाते टाकून द्यावे. वाकलेले पाते ठोकून सरळ करणे म्हणजे त्यात दिसत नाही अशी चीर सोडणे होय.

मात्र या साऱ्या उद्योगाआधी एक कर्तव्य आहे. किल्ली काढून घ्यावी आणि स्पार्क प्लगची तार ओढून बाजूला ठेवावी. पाते हाताने फिरविले तरी एंजिन फिरते, आणि तार जोडलेली असेल तर ते पेट घेऊ शकते. खटका बंद केल्यावरही पाती काही क्षण फिरतच असतात. हाताने ढकलण्याच्या यंत्रांचे पाते दांडी सोडल्यावर ३ सेकंदांच्या आत थांबले पाहिजे, असा नियम अमेरिकेत १९८२ पासून आहे, तो एवढ्याचसाठी. यंत्र उचलून खाली शिरावयाचे असेल तर नुसत्या जॅकवर भिस्त ठेवू नये. भक्कम आधार लावावा व चाकांना उटी द्यावी. पेट्रोल एंजिन निवल्यावर व उघड्यावर भरावे. बंद कोठीत एंजिन चालवून पाहू नये, कारण त्याच्या धुरातील विषारी वायूला वास नसतो.

आणि शेवटी आसनाखालच्या त्या स्विचविषयी. तो बिघडला की यंत्र मध्येच बंद पडते, काम खोळंबते, आणि कोणी तरी दोन तारा एकमेकींस पिळून ‘आता कटकट नाही’ असे सांगून जातो. त्या दिवशी खरोखरच कटकट राहत नाही. परंतु चढावर यंत्र कलंडून चालक खाली पडला, किंवा पात्यात अडकलेली फांदी काढावी म्हणून तो उतरला, तर पाती थांबविणारे दुसरे कोणीच उरत नाही. स्विच किरकोळ किमतीचा असतो, आणि माळ्याची बोटे त्याच्या चरितार्थाचे साधन असतात. यंत्र ज्याच्या मालकीचे आहे तो आसनावर क्वचितच बसतो. म्हणून तारा पिळल्या आहेत की स्विच बदलला आहे, हे उतरून, वाकून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची जबाबदारी मालकाचीच आहे.